तळाची चिठ्ठी

आमच्या टीममध्ये सहा माणसं होती आणि दर वर्षी त्यांतलं एक वाईट ठरवावं लागायचं. कंपनीचा नियमच तसा होता. सहाच्या सहा जणांनी वर्षभर मान मोडून काम केलं तरी मार्चमध्ये एकाला सगळ्यांत खालचं रेटिंग द्यायचंच. का, तर वर कुणीतरी ठरवलेलं की प्रत्येक टीममध्ये एक तरी ढ माणूस असतोच. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ती. त्यांना आमची तोंडंसुद्धा माहीत नव्हती.

मी शहाडचा. कल्याणच्या कॉलेजातून बीएस्सी झालो, कुणी विचारेना. मग नौपाड्यात चपलांच्या दुकानावर एक क्लास होता, तिथं सहा महिने सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकलो आणि त्या जोरावर ठाण्यातल्या या कंपनीत चिकटलो. शिकलो म्हणजे इंटरव्ह्यूला विचारतात ती उत्तरं पाठ केली. पहिल्या दिवशी समोरच्या काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली आणि मला घाम फुटला. शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "घाबरतोस काय? मला पण पहिले सहा महिने काय कळत नव्हतं. तू फक्त मान हलव."

ती ताई. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. टीममधले सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. बाळकुमच्या कोळ्याच्या घरातली. वडील ती शाळेत असतानाच गेलेले, आई बाजारात मासळी विकायची. त्या घरात कंप्युटरला हात लावणारी ही पहिलीच. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "वेळ कुठे मिळाला?" म्हणून विषय संपवायची.

आमचं काम म्हणजे एका परदेशी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. तिकडून तक्रार आली की तिला तिकीट म्हणायचं आणि ठरलेल्या वेळात ते तिकीट सोडवायचं. क्लासमध्ये यातलं काहीच शिकवलेलं नव्हतं. ते मला ताईनं शिकवलं. तिच्याकडे एक लांबडी वही होती, तिच्यात कुठली तक्रार कशी सोडवली ते तिनं पहिल्या दिवसापासून हातानं लिहून ठेवलेलं. ती वही तिनं मला सरळ घरी नेऊ दिली. "आधी विचार, काल काय बदललं," असं ती म्हणायची. "कालपर्यंत बरं चाललेलं आणि आज बिघडलं, म्हणजे काल कुणीतरी काहीतरी केलंय. तो माणूस शोध, चूक आपोआप सापडते." रागानं मेल लिहिला की तो तिला आधी दाखवायचा, असाही एक नियम होता. ती वाचायची, पुसून टाकायची, मला पाणी प्यायला पाठवायची आणि मग म्हणायची, "आता लिही."

दुसऱ्या वर्षी मी एक घोळ घातला. टेस्टिंगचं समजून खऱ्याच सिस्टीममधल्या नोंदी उडवल्या.  वाटलं, गेली नोकरी. ताईनं माझी खुर्ची बाजूला सरकवली, दिवसभर बसून बॅकअपमधून एकेक नोंद परत आणली, आणि क्लायंटच्या कॉलवर "आमच्या टीमकडून चूक झाली" एवढंच म्हणाली. त्यांनी तीनदा विचारलं, कोणाकडून? तिन्ही वेळा ती तेच म्हणाली, टीमकडून. नंतर मला पॅन्ट्रीत गाठून पाठीत एक धपाटा घातला, तो मात्र सणसणीत होता.

मी आज जो काही आहे, कार्डावर जे लिहिलेलं असतं ते सगळं, ते या बाईमुळे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आधी हे लिहायलाच हवं.

तर रेटिंग. दर मार्चला टीममध्ये भांडणं व्हायची. एका वर्षी दोघांनी तर बोलणंच टाकलं, शेजारी बसून एकमेकांना मेल करायचे. आमचा मॅनेजर नौपाड्यातला, शांत माणूस, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्यालाही या प्रकाराचा वीट आलेला. त्या वर्षी ताईनं तोडगा काढला. "आमच्याकडे बायका भिशी लावतात," ती म्हणाली. "चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्याचा नंबर, आणि एकदा निघाली की सगळ्यांचं होईपर्यंत परत नाव नाही. तसंच हे करू. सहा वर्षांत प्रत्येकाला एकदाच खालचं रेटिंग. कुणाचं वाईट नाही, कुणाचं चांगलं नाही." मॅनेजरला सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. "मला यातलं काही सांगू नका," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत मला फक्त एक नाव द्या."

पहिल्या वर्षी चिठ्ठी टाकलीच नाही. "माझी आयडिया, माझ्यापासून सुरू," म्हणत ताईनं स्वतःचं नाव दिलं.

मग रीतच पडली. मार्चमध्ये एके दिवशी जेवण झालं की पॅन्ट्रीत डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या. ज्याची निघेल त्याला बाकीच्यांनी नौपाड्यात मिसळ खिलवायची आणि त्या वर्षी गणपती-दिवाळीच्या त्याच्या ड्युट्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. सगळ्यांत मजेचा भाग म्हणजे, खालचं रेटिंग द्यायचं तर मॅनेजरला कारणं लिहावी लागत. तीही ज्याची त्यानं लिहून द्यायची. माणसं स्वतःचे दोष शोधायला बसायची आणि आम्ही हसून हसून लोळायचो. एकानं तर 'जेवणानंतर कामाचा वेग मंदावतो' असं लिहिलेलं. चार वर्षं हे असं बिनबोभाट चाललं. त्या चार वर्षांत आमच्या टीममधून एकही माणूस सोडून गेला नाही, आणि याचं वर कुणाला तरी कौतुक वाटून आम्हाला एक ढालही मिळालेली.

पाचव्या वर्षी झाकणात दोनच चिठ्ठ्या होत्या. एक माझी आणि एक दुसऱ्या एका मित्राची. माझी निघाली.

आता त्या वर्षीचं माझं सांगतो. टीम लीडची जागा निघालेली आणि मॅनेजरनं मला सूचित केलेलं की, तुमचंच नाव आहे. खालचं रेटिंग आलं की बढती नाही, हा दुसरा नियम. शिवाय डोंबिवलीत माझं लग्न ठरत आलेलं. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी माझ्या हातात देताना विचारलेलं, "मग पुढे काय?" आणि मी ऐटीत सांगून बसलेलो, "यंदा लीड होतोय."

 चिठ्ठी उलगडली, दुमडली, परत उलगडली. ताई माझ्याकडे बघत होती.

"तोंड बघा याचं," ती म्हणाली. "कुणी मेल्यासारखं. दे इकडे. मी घेते तुझी."

"नको ताई."

"नको काय? मला कुठे लीड व्हायचंय? माझं काय बिघडतंय?"

खरं तर लीड तिनंच व्हायला हवं होतं. दोनदा तिची जागा हुकली होती, दोन्ही वेळा इंग्रजीवरून. हे मला माहीत होतं. तरी मी "नको ताई" एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हटलं तर ती ऐकेल, अशी भीती वाटली मला. दुसरं काही नाही. तिनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. नियम तिचा होता आणि तिनंच तो मोडला, माझ्यासाठी. बाकीचे चौघे टाळ्या वाजवत होते.

"फक्त कारणं तू लिहून दे," ती म्हणाली. "तुझं इंग्रजी बरं आहे."

मी लिहिली. छान लिहिली. 'नवीन तंत्र शिकण्यात संथ. स्वतःहून पुढाकार घेत नाही. वयानुसार अपेक्षित प्रगती दिसत नाही.' इंग्रजीत ते फारच भारदस्त वाटत होतं. वाचून ताई हसली. "मलाच माझी कीव यायला लागली रे," म्हणाली. मीही हसलो.

मी लीड झालो. लग्न झालं. हळदीला शहाडला आमच्या घरासमोर ताई अशी नाचली की माझ्या सासरच्यांनी विचारलं, ही कोण? आई म्हणाली, ही याच्या ऑफिसातली मोठी बहीण.

गणपती झाल्यावर कंपनीत माणसं कमी करायचं निघालं. आमचा जुना मॅनेजर तोवर पुण्याला बदलून गेलेला, नवीन आलेला आम्हाला ओळखतही नव्हता. वरून यादी आली. निकष साधा होता. गेल्या पाच वर्षांत दोनदा तळाला असलेली माणसं. दोनदा. आमच्या भिशीत दोनदा कुणीच असू शकत नव्हतं, त्यासाठीच तर ती काढलेली. सहाही जण त्या यादीतून अलगद सुटले असते. पण आमच्या टीममधलं एक नाव यादीत होतं.

नवीन मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. यादी टेबलावर होती. काचेतून ताई दिसत होती, कानाला हेडफोन, कुणा गोऱ्या माणसाला हातवारे करून समजावत होती. त्याला हातवारे दिसत नाहीत हे तिच्या कधीच लक्षात राहायचं नाही.

"टीम तुझी आहे," मॅनेजर म्हणाला. "मी नवीन आहे. तुला जास्त माहीत. हे बरोबर आहे ना? काही चूक असेल तर आत्ता सांग, मी वर बोलू शकतो."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच विचारलं होतं. दार उघडं ठेवलं होतं त्यानं. मी काय सांगायला हवं होतं तेही मला पक्कं ठाऊक होतं. सर, ही दुसरी नोंद माझी आहे. ती कारणं मी लिहिलीत. हिच्या जागी माझं नाव टाका, किंवा कुणाचंच टाकू नका. पण चिठ्ठ्यांचं कळलं असतं तर सगळ्यांची रेटिंग खोटी ठरली असती, जुना मॅनेजर अडकला असता, टीमच्या टीम गेली असती. ही कारणं मी नंतर कित्येकदा घासूनपुसून ठेवली. त्या क्षणी माझ्या मनात यातलं एकही नव्हतं. माझ्या मनात फक्त 'टीम लीड' छापलेलं माझं नवीन कार्ड होतं, सासऱ्यांनी पाकिटात जपून ठेवलेलं आणि येईल-जाईल त्याला दाखवलेलं.

"रेकॉर्डवर आहे तसंच आहे, सर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लीड म्हणून मला त्या बैठकीत बसावं लागलं. एचआरची मुलगी होती, विशी-बाविशीची, तिचा आवाज कापत होता. नियमाप्रमाणे तिनं ताईला कारणं वाचून दाखवली. नवीन तंत्र शिकण्यात संथ. स्वतःहून पुढाकार घेत नाही. वयानुसार अपेक्षित प्रगती दिसत नाही. माझी वाक्यं, माझ्याच समोर, एकेक. ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सुटलो असतो. तिला माझीच काळजी वाटत होती. हे ऐकताना याला काय होत असेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण कुऱ्हाडीच्या दांड्याकडे असं कुणी बघत नसेल.

बाहेर येऊन ती खण रिकामा करत होती. वहीवर थोडा वेळ हात ठेवून ती म्हणाली, "ही तुमच्याकडेच राहू दे, नवीन माणसाला उपयोगी पडेल." मग हळूच विचारलं, "तू बोललास का रे त्यांना?"

"बोललो ताई," मी म्हणालो. "खूप बोललो. ऐकायलाच तयार नाहीत."

ते 'खूप' माझ्या पदरचं होतं. तिनं ते विचारलंही नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बोललास ना, बस झालं." आणि माझ्या खांद्यावर थोपटून लिफ्टकडे गेली. बाकीचे चौघे आपापल्या स्क्रीनकडे बघत बसलेले. त्यांनाही मी हेच सांगितलं आणि त्यांनीही ते मानलं. संध्याकाळी पुण्याहून जुन्या मॅनेजरचा फोन आला. "तुम्ही त्यांना चिठ्ठ्यांचं सांगितलंत का?" मी नाही म्हणालो.  मग तो म्हणाला, "आभारी आहे." आणि फोन ठेवला. केबिनमध्ये चिठ्ठ्यांचा विषयच निघाला नव्हता हे आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि दोघेही मूग गिळून बसलो.

पुढे तिनं पुष्कळ इंटरव्ह्यू दिले. कामाचे प्रश्न आले की ती कुणाला हार जायची नाही. पण शेवटी सगळीकडे मागच्या वर्षांची रेटिंगची पत्रं मागायचे, आणि ती पत्रं पाहिली की परत फोन नाही. सुरुवातीला ती मला कळवायची, मग तेही थांबलं. सकाळी फुलांची चित्रं पाठवायची, मी हात जोडल्याची खूण पाठवायचो. मग कळलं की बाळकुमलाच एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात ती कामाला लागली. गळणारे पाइप, गाडी लावण्यावरून भांडणं, बंद पडलेल्या लिफ्ट, अशा रहिवाशांच्या तक्रारी कंप्युटरवर नोंदवायच्या. "इथं पण तिकिटंच रे," तिनं लिहिलेलं, खाली हसणारं तोंड.

मी मात्र वर चढत गेलो. लीडचा मॅनेजर झालो, डोंबिवलीत घर झालं. आता मीच मार्चमध्ये एकाला तळाला टाकतो. चिठ्ठ्या टाकत नाही. कारणं उत्तम लिहितो.

हे सगळं मी बायकोला सांगितलं तेव्हा लग्नाला चार वर्षं झालेली. तिनं भाजी निवडणं थांबवलं. मला वाटलं, समजूत घालेल. ती म्हणाली, "म्हणजे तुझं कार्ड माझ्या बाबांना दाखवायला म्हणून ताईंची नोकरी गेली? अरे, मग जाऊन सांग त्यांना. काय व्हायचं ते होऊ दे." आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी एका रविवारी दुपारी मी बाळकुमला गेलो. रिक्षात बसून पहिलं वाक्य घोकत होतो. ताई, मी त्या दिवशी काहीच बोललो नव्हतो. त्यापुढचं आपोआप आलं असतं.

टॉवरांच्या मधल्या गल्लीत त्यांचं जुनं बैठं घर. दारात तिची आई बसलेली, वयानं वाकलेली. मी सांगितलं, ऑफिसातला आहे. "ये रं बाला, बस," म्हणाली. ताई आतून आली, केसांत पांढरं दिसत होतं, मला बघून फार आनंदली. तरी मी सुरुवात केली. "ताई, एक सांगायचं होतं. त्या दिवशी केबिनमध्ये..."

"आधी बस तर," ती म्हणाली आणि आईकडे वळली. "आये, हाच तो. मी सांगायचे ना? ऑफिसात माझ्यासाठी एकटाच भांडलेला, तो."

म्हातारी उठली. मला वाटलं आत चालली असेल. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. हात खरखरीत होते.

"सगली गप बसली," ती म्हणाली, "आन् तू बोललास. देव तुजं भलं करो, बाला." मग तिला काहीतरी आठवलं असावं. डोळे बारीक करून, काळजीनं, तिनं विचारलं, "तुला त्यांनी काय केला तर नाय ना रं, आमच्यापायी?"

ताई माझ्याकडे बघून हसत होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"नाही मावशी," मी म्हणालो. "मला कुणी काही केलं नाही."